सरांचे डोळे की सरांचे दिवे?

दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन आटोपून आम्ही सरांच्या सोप्यावर बसलो होतो. सरांचा मुलगा आतून आला आणि त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "काका, ही आता तुमच्याकडेच राहू दे. बाबांनी मागितली तरी देऊ नका." तो पुण्याला असतो, चवथीला येतो, चार दिवसांत वर्षभराचे निर्णय घेऊन जातो. सर समोरच होते. काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत राहिले.

ही ऑगस्ट २०२५ ची गोष्ट. त्यानंतर सहा महिने त्या गाडीचे आणि थोडेफार सरांचेही जे निदान झाले, ते इथे नोंदवतो आहे. मी सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक हा विषय एकोणतीस वर्षे शिकवला, तेव्हा नोंद ठेवायची खोड जुनीच. सरांनी मला आठवीत गणित शिकवले होते. म्हणजे हा तसा विद्यार्थ्याने गुरूचा पेपर तपासण्याचा प्रकार झाला.

सरांचे वय ७६. राहतात गोव्यात, फोंड्याजवळ म्हार्दोळला, घरात ते आणि काकी. गाडी २०११ ची पेट्रोल वॅगन-आर, काट्यावर ६१,४८० किलोमीटर. गेली काही वर्षे वर्षाला जेमतेम तीन हजार. सोमवारी मंगेशीला पालखी, फोंड्याला बाजार आणि डॉक्टर, श्रावणात गावोगावची भजने. आतल्या वाड्यांवर रात्री बस मिळत नाही आणि टॅक्सीचे भाडे ऐकून सर रागाने चालत येतील, अशी परिस्थिती. त्यामुळे 'गाडी बंद करा' म्हणणे सोपे असले, तरी त्याचा अर्थ 'भजन बंद करा' असा होतो.

घडले ते असे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी नागेशीचे भजन संपवून रात्री साडेनऊला सर एकटे परतत होते. पाऊस होता. समोरून मोटारसायकल आली, तिच्या दिव्याने डोळ्यांपुढे पांढरे झाले, सरांनी गाडी डावीकडे घेतली ती थेट चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला घासली. डावा आरसा गेला, पुढचा पत्रा चेपला. कोणाला लागले नाही.

सरांनी वहीत तक्रारी क्रमांक घालून लिहिल्या होत्या. १) रात्री दिसत नाही. २) गाडी चालवल्यावर डावा गुडघा दुखतो. ३) सकाळी कधी कधी गाडी सुरू होत नाही. चौथी तक्रार काकींची होती, 'ब्रेक लावला की कर्र आवाज येतो', आणि तिच्यावर सरांनी रेघ मारून पुढे लिहिले होते : 'आढळले नाही.'

घरच्यांचे मत : सगळे वयामुळे. सरांचे मत : सगळे गाडीमुळे. ड्रायव्हर म्हातारा असला की लोक ड्रायव्हरकडे बघतात, बॉनेट कोणी उघडत नाही. आणि ड्रायव्हर स्वतः बॉनेटकडेच बोट दाखवतो. मला दोघांचाही हिस्सा वेगळा काढायचा होता.

खांब मोजण्याचा प्रयोग

दोन दिवसांनी रात्री पाऊस लागल्यावर मी माझी गाडी घेऊन सरांकडे गेलो. माझी गाडी चार वर्षांची. ओळखीचा एक मुलगा गाडी चालवायला घेतला आणि मी व सर पाळीपाळीने त्याच्या शेजारी बसलो, कारण प्रयोगासाठी पुन्हा गडगा मोडायचा नव्हता. फर्मागुडीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या काही झाडांच्या बुंध्यांना चुना लावलेला आहे. बुंधा दिसला की 'दिसला' म्हणायचे आणि तिथपर्यंत विजेचे किती खांब होतात ते मोजायचे. प्रयोगशाळेत हसतील, पण रस्त्याला हेच माप कळते.

माझ्या गाडीतून मला बुंधा साधारण दोन खांबांवरून दिसत होता. सरांच्या गाडीतून मला एका खांबावरून. माझे डोळे तेच, पाऊस तोच, फक्त गाडी बदलली आणि निम्मे अंतर गेले. मग सरांची पाळी. माझ्या गाडीतून त्यांना सव्वा खांबावरून दिसला, आणि त्यांच्या स्वतःच्या गाडीतून पाऊण खांबाच्याही आत आल्यावर.

सर दोन मिनिटे गप्प बसले. मग मोबाइलच्या उजेडात वहीवर आकडे मांडून म्हणाले, "अरे, ही बेरीज नाही, गुणाकार आहे. गाडीने निम्मे खाल्ले. उरलेल्याचा डोळ्यांनी पाच-अष्टमांश ठेवला. दोनाचे निम्मे एक, एकाचे पाच-अष्टमांश. मी पाऊण खांबाच्या आत का आलो ते निघाले."

मला जे सांगायला दहा वाक्ये लागली असती ते सरांनी एका ओळीत मांडले. गाडीची झीज आणि शरीराची झीज एकमेकांना गुणतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या हातात म्हातारी गाडी दिसते त्यापेक्षा जास्त धोक्याची होते, आणि म्हणूनच दोनांतली एक बाजू जरी सुधारली तरी उत्तरात मोठा फरक पडतो.

आधी गाडीची बाजू. हेडलाइटची काच म्हणतो ती काच नसते, पॉलिकार्बोनेटचे प्लास्टिक असते. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ते पिवळट आणि खरबरीत होते. मग बल्बचा उजेड पुढे जाण्याऐवजी तिथेच पसरतो, आणि पावसात तो थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. पाण्याबरोबर १०००, मग २०००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर पॉलिश आणि शेवटी ऊन रोखणारा थर, हा त्याचा इलाज. टूथपेस्ट घासून चकचकीत होते हे खरे, पण वरचा थर न देता सोडले तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे. बल्ब ५५/६० वॉटचे साधे हॅलोजन, आतून काळवंडलेले, दोन्ही बदलले. फोंड्यातल्या मेकॅनिकने पांढराफेक एलईडी लावायचा आग्रह धरला. मी नको म्हटले. हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात दुसऱ्या जातीचा बल्ब बसवला की उजेड भलतीकडे जातो, आणि मग समोरचा मोटारसायकलवाला गडग्यावर जातो.

समोरच्या काचेवर बाहेरून वायपरच्या रेघा होत्या. रबर हाताला प्लास्टिकसारखे लागत होते. वायपर पावसाळ्यात खराब होतात असे लोकांना वाटते. ते खराब होतात मे महिन्याच्या उन्हात, पावसाळ्यात फक्त उघडे पडतात. काचेच्या आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेला तेलकट पापुद्रा होता. दिवसा तो दिसत नाही, समोरून दिवा आला की दुधाळ होतो. साबणाच्या पाण्याने पुसून वर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवला. तो कागद सरांनी सगळ्यांना दाखवला.

यात सरांचीही एक कर्तबगारी होती. पेट्रोल खातो म्हणून ते एसी लावत नव्हते. पावसात बंद गाडीत काच आतून धुरकट होते, ते रुमालाने पुसत. एसी हवेतला ओलावा काढतो. बाहेरची हवा आत घेऊन काचेवर सोडली की मिनिटभरात काच स्वच्छ. गेली चौदा वर्षे ते बटण त्या गाडीत होते.

आता डोळ्यांची बाजू. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली आक्रसते, भिंग पिवळे पडते. हे झाले सगळ्यांचे. पण सरांना माझ्या गाडीतूनही प्रत्येक दिव्याभोवती गोल कडे दिसत होते. ते काही वायपरचे काम नव्हे. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, डावा जास्त पिकलेला. हेडलाइटची काच पिवळी पडते तसेच आतले भिंग. फरक एवढाच की त्यावर पॉलिश पेपर चालत नाही. ऑक्टोबरमध्ये डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही डॉक्टर सांगेपर्यंत किल्ली माझ्याकडे होती. सर चिडचिड करत होते, पण गुणाकार त्यांनीच मांडला असल्याने बोलू शकत नव्हते.

गुडघा, आणि काकींचा कान

गुडघ्याचे निदान तासाभरात झाले. या गाडीत क्लच केबलवर चालतो. वेष्टनातून पाणी शिरून केबल आत गंजते आणि घासत सरकते. मेकॅनिकने केबल काढली, हातात धरून वाकवायला बघितली आणि म्हणाला, "सर, ही केबल न्हय, सळी जाल्या." नवी घातली, पेडल निम्म्या जोरात खाली जाऊ लागले. सर दोन वर्षे त्या गुडघ्याला तेल चोळत होते. गुडघ्यात झीज आहेच, एक्स-रेमध्ये दिसते. पण फोंड्याच्या बाजारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये शंभर वेळा दाबावी लागणारी सळी ही त्यावरची शिक्षा होती. जाता जाता सांगतो : केबल बदलूनही पेडल जड राहिले असते तर क्लच प्लेट झिजल्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि तो खर्च वेगळाच. इथे ती वेळ आली नाही.

काकींचा 'कर्र' मात्र मला झोप उडवून गेला. चाक काढले तर डाव्या बाजूचे ब्रेक पॅड शेवटच्या पापुद्र्यावर आले होते. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून बारीक चिरका आवाज काढते, चालकाने ऐकून गॅरेजला जावे म्हणून. पण वयाबरोबर कान जातात ते आधी वरच्या पट्टीचे. म्हणजे कंपनीने जी सूचना ठेवली ती बरोबर त्याच पट्टीत, जी सरांना ऐकू येत नाही. काकींचे कान अजून शाबूत. त्या दोन महिने सांगत होत्या आणि सर 'आढळले नाही' लिहीत होते. फर्मागुडीचा उतार उतरताना हे पॅड संपले असते तर ही नोंद वेगळ्या सुरात लिहावी लागली असती.

एकाच बाजूचे पॅड इतके का झिजले? पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहत होते. पिना साफ करून ग्रीस लावले, पॅड दोन्ही चाकांचे बदलले, ब्रेक ऑइल काळे पडले होते तेही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आपल्याकडच्या दमट हवेत तर आवडीने, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलावे. एक नियम त्याच दिवशी केला : काकींनी आवाज सांगितला की आधी गॅरेज, नंतर वाद.

किलोमीटरने नव्हे, पंचांगाने

सकाळी सुरू न होण्याचे कारण बॅटरी, हे कोणीही सांगेल. पण ती का मेली ते महत्त्वाचे. रात्रभर उभ्या गाडीत मीटर १२.१ व्होल्ट दाखवत होता. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. सेल मारताना ती ९ च्याही खाली गेली. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साठली होती, ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली, पण बॅटरी वाचण्यापलीकडे होती. घर ते मंगेशी हे अंतर इतके थोडे, की एकदा सेल मारायला जेवढी शक्ती जाते तेवढी परत भरायच्या आत सर गाडी बंद करून देवळात गेलेले असतात. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेली बॅटरी लवकर मरते.

तेच इंजिन ऑइलचे. झाकण उघडले तर आतून ताकासारखा पांढरट थर. असे दिसले की पहिली भीती हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनातले ऑइल आणि पाणी वेगळे ठेवणारी पट्टी फुटल्याची. पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, महिनाभरात अजिबात कमी झाले नव्हते. हा थर छोट्या फेऱ्यांचा. इंजिन पुरते तापतच नाही, आतला ओलावा उडत नाही. ऑइल शेवटचे कधी बदलले? "दहा हजार व्हायचे आहेत अजून," सर म्हणाले. तीन वर्षे झाली होती. मॅन्युअलमध्ये 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. गणिताच्या मास्तरांनी अर्धेच वाक्य वाचावे याचे मला वाईट वाटले.

टायरचीही तीच कथा. नक्षी भरपूर, नखाएवढी खोल. सर त्यावर खूश. मी त्यांना टायरच्या बाजूला लंबगोलात छापलेले चार आकडे दाखवले : ३४१७. म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. आठ वर्षांचे रबर, बाजूला बारीक भेगा. झिजून जाण्याआधी कडक झालेले टायर ओल्या रस्त्यावर पकडत नाहीत, आणि कमी गाडी चालवणाऱ्यांचे टायर असेच जातात : झिजत नाहीत, वाळतात.

म्हणून सरांसाठी किलोमीटरचा हिशेब आम्ही सोडूनच दिला. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असते आणि संकष्टी ते कधी चुकवत नाहीत. मग ठरले : दर संकष्टीला सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि वायपरचे पाणी बघायचे, आणि लगेच पंपावर जाऊन हवा. हवा टायर थंड असतानाच मोजायची. दाब किती ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असते, पंपावरच्या पोऱ्याच्या तोंडात नव्हे. पहिल्या संकष्टीला तीन टायरांत बावीस-तेवीस पौंड आणि एकात अठरा निघाले, म्हणजे सगळीकडे कमीच. वायपर दर मे अखेरीला. ऑइल दर दिवाळीआधी. आठवड्यातून एकदा बाणस्तारी ओलांडून जुन्या गोव्यापर्यंत एक सलग फेरी, बॅटरी भरायला आणि इंजिन तापायला. काकींना ही कल्पना सर्वांत जास्त आवडली.

कोणते काम सरांनी करायचे हे मी कामाच्या अवघडपणावर ठरवले नाही, कमरेवर ठरवले. ऑइल बघणे सोपे. पण ऑइलच्या पट्टीवरच्या दोन खुणा त्यांना दिसत नव्हत्या, म्हणून पट्टी पांढऱ्या कापडावर आडवी धरायची आणि उन्हाकडे पाठ करायची. पट्टीची कडी ओळखू यावी म्हणून तिला लाल टेप. बॉनेटखालच्या जाळीत फणसाची पाने साठतात, ती काढणे त्यांचे. ती कुजली की पाणी आत पायाशी येते. (गाडी फणसाखाली उभी असते. आधी माडाखाली असायची. एका पडलेल्या नारळाने जागा बदलायला लावली.) पावसात चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, मागचे ब्रेक धरून बसतात, अंगण सपाट आहे, पहिला गिअर आणि चाकाला लाकडी पाचर पुरते.

चाक बदलणे मात्र बंद. पंक्चरवाले नट मशीनने इतके आवळतात की मलाही पान्यावर उभे राहावे लागते. सत्तरीच्या पुढे तो प्रयत्न म्हणजे पाठीचे आमंत्रण. त्याऐवजी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप घेतला. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर तो उपटायचा नाही, हवा भरायची आणि सावकाश पंक्चरवाल्याकडे. त्याचा नंबर मोठ्या अक्षरात सन-वायझरवर चिकटवला आहे. मान पूर्ण वळत नाही म्हणून दोन्ही आरशांवर छोटे गोल फुगीर आरसे लावले. डावा आरसा तसाही नवा घ्यायचाच होता.

हिशेब, कारण सरांच्या मुलाने तो मागितला : टायर चार १४,०००, बॅटरी ४,२००, ब्रेकचे सगळे मिळून ३,२००, ऑइल आणि फिल्टर २,३००, हेडलाइट पॉलिश १,२००, क्लच केबल मजुरीसकट १,१००, वायपर ५५०, बल्ब ४००. एकूण २६,९५०. पत्रा आणि आरसा यात नाहीत, तो गडग्याचा खर्च. जानेवारी २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. दिवे, ब्रेक, टायर आधीच झाले असल्यामुळे तपासणीत बोट ठेवायला जागा राहिली नव्हती. सरांचा परवाना पंचावन्ननंतरच्या नियमाने पाच-पाच वर्षांनीच नवा होतो, डॉक्टरांच्या दाखल्यासह. तो २०२८ पर्यंत आहे. पण परवाना आहे म्हणून दिसते असे नाही, हे त्यांना मी न सांगता कळले आहे.

डिसेंबरात आम्ही पुन्हा खांब मोजले, पाऊस नसताना, त्यामुळे आकडे आधीच्यांशी ताडून बघता येत नाहीत. सरांनी तरी वहीत मांडले : त्यांच्या गाडीतून मला दोन, त्यांना दीडच्या वर. उजवा डोळा अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत पावसात रात्री गाडी नाही, असे ठरले. भजनाला जाताना मी नेतो, किंवा तबलजी. सरांच्या मुलाला हे अर्धवट वाटते. असेल.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा अंगणात गाडीपाशी गेले तेव्हा सर उजव्या दाराकडे बघत थबकले. "ही खरवड कधीची? कोणी केली?"

"तीन वर्षांची आहे," काकी आतून म्हणाल्या. "तुम्हीच."

गेल्या आठवड्यात फर्मागुडीला त्यांची गाडी माझ्या पुढे होती. वेग बरोबर, बाजू बरोबर, आणि डावा इंडिकेटर उतार संपेपर्यंत चालू. त्याची टिकटिक त्यांना ऐकू येत नाही, आणि काकी त्या दिवशी बरोबर नव्हत्या. मेकॅनिकला मोठा आवाज करणारा बझर शोधायला सांगितला आहे. अजून मिळाला नाही.